‘कोअर्शन’ म्हणजे नेमकी कोणती सक्ती?

‘याचिकाकर्त्याविरुद्ध सक्तीची कारवाई करू नये’, असा आदेश न्यायालयाने दिल्याच्या बातम्या नेहमीच वाचनात येतात. मूळ इंग्रजी आदेशात तेथे ‘कोअर्सिव्ह’ हे विशेषण असते. ते ज्याच्याशी निगडित आहे, त्या ‘कोअर्शन’ या नामासाठी मराठीत बळजबरी, सक्ती, जबरदस्ती, धाकदपटशा असे अनेक प्रतिशब्द आहेत. मात्र बोलण्यातील सक्ती आणि कायद्यातील ‘कोअर्शन’ एकच नव्हेत. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून, कोंडणे, आवर घालणे असा त्याचा आशय आहे. समोरच्याला आपण ठरवू त्या एकाच वाटेने जाणे भाग पाडायचे, हा अर्थ त्यातूनच आला.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५ मध्ये या शब्दाची व्याख्या आहे. एखाद्याने करार करावा या हेतूने दंड संहितेने निषिद्ध ठरवलेले कृत्य करणे वा करण्याची धमकी देणे, किंवा मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे वा तशी धमकी देणे म्हणजे ‘कोअर्शन’. धमकी सही करणाऱ्यालाच दिलेली असावी, असे बंधन नाही. ‘तुझ्या मुलाला मारू’ असे धमकावून वडिलांची सही घेतली तरी ती याच व्याख्येत बसते. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी व्याख्येचा गाभा तोच आहे.

याउलट, ‘पैसे दिले नाहीत तर दिवाणी दावा लावीन’ हा इशारा ऐकणाऱ्यावर दडपण आणणारा असला तरी या कलमाखालील ‘कोअर्शन’ नव्हे. कारण दावा लावणे हा गुन्हा नाही. वृद्ध, आजारी किंवा आश्रित व्यक्तीवरील वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन सही मिळवली, तर तो ‘अनुचित प्रभाव’ ठरतो. त्यासाठी स्वतंत्र कलम १६ आहे.

मद्रास उच्च न्यायालयापुढील १८८९ चे एक प्रकरण या संदर्भात आजही सांगितले जाते. तेरा वर्षांच्या विधवेने दत्तक घेण्यास संमती द्यावी म्हणून नातेवाइकांनी तिच्या पतीचे प्रेत अंत्यसंस्कारासाठी हलवू दिले नव्हते. अशा रीतीने घेतलेली संमती मुक्त नसल्याने ते दत्तकविधान तिच्यावर बंधनकारक नाही, असे न्यायालयाने ठरवले.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘कोअर्शन’खाली झालेला करार आपोआप रद्द होत नाही. ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याला तो रद्द करून घेण्याचा पर्याय कलम १९ देते. जबरदस्ती झाली हे सिद्ध करण्याचा भारही सामान्यतः त्याच्यावरच असतो. म्हणून धमकीचे संदेश, साक्षीदार आणि पोलिसांकडील तक्रार यांना महत्त्व येते.

त्याच अधिनियमाच्या कलम ७२ नुसार जबरदस्तीने वसूल केलेले पैसे परत करावे लागतात. तेथे मात्र हा शब्द कलम १५ च्या चौकटीत न बांधता सर्वसाधारण अर्थाने घ्यावा, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१३ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे एकाच कायद्यात एका शब्दाचे दोन अर्थ झाले.

फौजदारी प्रकरणांत या शब्दाची संदिग्धता थेट स्वातंत्र्याशी भिडते. सक्तीची कारवाई नको म्हणजे अटक नको, की चौकशीसाठी बोलावणे किंवा तपासही नको? मुंबईतील एका प्रकरणातून उद्भवलेल्या ‘निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०२१ रोजी हाच मुद्दा हाताळला. हा शब्दप्रयोग इतका व्यापक आणि संदिग्ध आहे की त्याचा गैरसमज व गैरवापर होऊ शकतो. तेव्हा असा आदेश देताना त्याचा अर्थ उच्च न्यायालयाने स्पष्ट करावा, असे न्यायालयाने बजावले.

त्यामुळे असा आदेश हाती पडल्यावर केवळ ‘दिलासा मिळाला’ एवढ्यावर समाधान मानू नये. संरक्षण नेमके कशापासून आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे वकिलांकडून समजून घेणेच हिताचे.