मागणी, साठा आणि वार्तेचा विलंब

व्यवस्थापन ही विद्यापीठात शिकविण्याजोगी विद्या आहे काय, असा प्रश्न आपल्याकडील जाणती मंडळी अजूनही अधूनमधून विचारतात. पेढीवरचा मुलगा वडिलांच्या शेजारी बसून व्यापार शिकतो, गिरणीतील जॉबर खात्यातच वाढून जॉबर होतो. फळ्यावरील समीकरणांनी त्यांना अधिक ते काय मिळणार, असा त्यांचा आक्षेप असतो. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. माणसे सांभाळणे, पत राखणे, गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखणे या गोष्टी वर्गात बसून येत नाहीत. परंतु व्यवहारात काही दोष असे असतात की, ते गादीवर बसलेल्या मनुष्याला कितीही अनुभव असला तरी दिसत नाहीत. कारण ते एकट्या कोणाच्या कामात नसून अनेकांच्या कामांच्या जोडणीत असतात. कार्यव्यवस्थापन व माहिती-प्रणाली या जोडनावाने जो पदव्युत्तर अभ्यासक्रम आज अनेक विद्यापीठांत चालतो, त्याचा मुख्य विषय हे दोष होत.

कच्चा माल आत येण्यापासून तयार वस्तू वा सेवा ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत जे जे घडते त्याची आखणी म्हणजे कार्यव्यवस्थापन. यात कारखाना येतो, तसेच रुग्णालय, बँक आणि एस. टी.चे आगारही येते. माहिती-प्रणालीचा प्रश्न निराळा दिसतो: कोणती वार्ता, कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या रूपाने पोचावी? पहिल्याचे कुळ यंत्रशाळेचे, दुसऱ्याचे खतावणीचे आणि अलीकडे गणकयंत्राचे. मग हे दोन विषय एका छपराखाली का नांदावेत? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका अभियंत्याच्या कार्यावरून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यांवरून होत नाही.

जे फॉरेस्टर यांचा जन्म 1918 साली नेब्रास्का संस्थानात, गुरे पाळणाऱ्या कुटुंबात झाला. शाळेत असतानाच त्यांनी मोटारीचे जुने भाग जमवून वाऱ्यावर चालणारे विद्युतयंत्र उभारले आणि घरच्या कुरणावर पहिल्यांदा वीज आणली. 1939 मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत दाखल झाले. युद्धोत्तर काळात तेथे 'व्हर्लविंड' नावाचे गणकयंत्र त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. त्यासाठी त्यांनी सिद्ध केलेली चुंबकीय कड्यांची स्मृती पुढे सुमारे वीस वर्षे जगभरच्या गणकयंत्रांत वापरली गेली. एवढे यश पदरी असता 1956 साली त्यांनी अभियांत्रिकी सोडून त्याच संस्थेच्या औद्योगिक व्यवस्थापन विद्यालयात प्राध्यापकपद स्वीकारले. हे विद्यालय 1952 मध्ये निघाले असून 1964 पासून ते स्लोन विद्यालय म्हणून ओळखले जाते. गणकयंत्राचा हा जाणकार व्यापाऱ्यांना गणकयंत्रे कशी वापरावीत हे शिकवील, अशी साहजिकच अपेक्षा होती. पण ते काम करणारे इतर पुष्कळ आहेत, असे पाहून त्यांनी वेगळीच वाट धरली.

निमित्त घडले ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अधिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्याचे. केंटकी संस्थानातील त्या कंपनीच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. बाजारात तेजी-मंदी असतेच, हे उत्तर तयार होते. अधिकाऱ्यांचे मात्र त्याने समाधान होत नव्हते. फॉरेस्टर यांनी त्यांना एवढेच विचारले, की कामगार घ्यावयाचे वा कमी करावयाचे, माल मागवावयाचा, हे तुम्ही कशावरून ठरविता? मग त्यांनी वहीच्या पानावर रकाने आखले, साठा, हातातील मागण्या आणि कामगारसंख्या लिहिली, आणि याच नियमांनी पुढल्या आठवड्यात काय होईल, त्याच्या पुढल्यात काय होईल, हे पेन्सिलीने मांडीत गेले. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर धरली तरीही कामगारसंख्येत चढउतार उत्पन्न होऊ शकतात, असे त्या पानावर दिसून आले. ज्या तेजी-मंदीला सर्वजण बोल लावीत होते तिचे एक उगमस्थान कारखान्याच्या आतच, प्रत्येकाने शहाणपणाने पाळलेल्या नियमांत होते. निम्म्या कामगारांच्या घरची चूल ज्या प्रश्नावर अवलंबून आहे, त्याला निव्वळ हिशेबाचा प्रश्न म्हणणे कठीण आहे.

हे कसे होते, ते साध्या आकड्यांनी पडताळता येईल. समजा, किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी आणि वितरक अशी तीन माणसांची साखळी असून तिच्या टोकाला कारखाना आहे. आठवड्याला 100 नग खपतात, आणि दोन आठवड्यांच्या खपाइतका साठा हाताशी असावा असा प्रत्येकाचा नियम आहे. नियमात वावगे काहीच नाही. आता खप एकदा 110 झाला आणि तेथेच स्थिरावला. दुकानदाराला विकलेले 110 भरून काढावयाचे आहेत, शिवाय साठा 200 वरून 220 वर न्यावयाचा आहे. म्हणून तो 130 नग मागवितो. घाऊक व्यापाऱ्याला दुकानातील गिऱ्हाईक दिसत नाही, त्याला दिसतात ते हे 130. तो आपला साठा 260 करू पाहतो, म्हणजे 60 ने वाढवितो, आणि 190 मागवितो. वितरकाच्या दृष्टीने मागणी 100 वरून 190 झाली. तो साठ्यासाठी आणखी 180 धरून कारखान्याकडे 370 नगांची मागणी पाठवितो. खप वाढला शेकडा 10 ने आणि कारखान्याला बातमी पोचली ती जवळजवळ चौपटीची!

दुसऱ्या आठवड्याची गंमत याहून दारुण आहे. दुकानदाराचा साठा आता पुरेसा असल्याने तो 110 च मागवितो. घाऊक व्यापाऱ्याला मागणी 130 वरून 110 वर घसरलेली दिसते. साठा 40 ने कमी करावा म्हणून तो 70 मागवितो. वितरक 190 च्या जागी 70 पाहतो, त्याची कोठारे तुडुंब भरलेली असतात, आणि तो काहीच मागवीत नाही. एका आठवड्यात 370, दुसऱ्यात शून्य. गिऱ्हाईक मात्र दोन्ही आठवडे शांतपणे 110 नगच नेत असते. या साखळीत कोणी मूर्ख नाही, कोणी लबाडही नाही. शिवाय येथे माल मागविताच मिळतो असे धरले आहे. खरोखरीच्या व्यवहारात तो यावयास कित्येक आठवडे लागतात, तेव्हा गोंधळ याहूनही वाढतो.

दुकानात 110 नग खपले ही एकच वार्ता त्याच दिवशी तिघांनाही मिळाली, तर प्रत्येकजण आपला साठा केवळ 20 ने वाढवील. दुकानदार 130 मागवील, घाऊक व्यापारी 150, वितरक 170. आणि पुढील आठवड्यापासून सर्वांची मागणी 110 वर येईल. 370 आणि शून्य यांच्या जागी 170 आणि 110. यंत्रे तीच, कामगार तेच, माणसांचे नियमही तेच. बदलला तो केवळ वार्तेचा मार्ग. कार्यव्यवस्थापनाला माहिती-प्रणालीची जोड का हवी याचे उत्तर या दोन आकड्यांच्या फरकात आहे. अमेरिकेत वॉलमार्ट या दुकानसंस्थेने आपल्या विक्रीचे आकडे प्रॉक्टर अँड गॅम्बल या उत्पादक कंपनीला थेट कळविण्याची व्यवस्था 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली, ती याच हेतूने. स्टॅनफर्ड विद्यापीठातील हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली या दोषाचे जे विवेचन केले, त्यातून त्याला चाबकाच्या फटकाऱ्याचे नाव रूढ झाले. मूठ जराशी हलते, टोक मात्र सपकन फिरते.

फॉरेस्टर यांच्या परंपरेत हाच धडा एका खेळातून दिला जातो. चार विद्यार्थी दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि बिअरचा कारखाना अशी सोंगे घेऊन बसतात; एकमेकांशी बोलावयाचे नाही, चिठ्ठीवर फक्त मागणीचा आकडा लिहावयाचा. गिऱ्हाइकाची मागणी पहिले काही आठवडे 4 खोकी असते, मग एकदाच 8 होते आणि तेथेच राहते. एवढ्याने पटावर हाहाकार उडतो. जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खेळणाऱ्यांना आलेला खर्च उत्तम धोरणाने येणाऱ्या खर्चाच्या सुमारे दहापट भरला. खेळ संपल्यावर मागणी कशी होती असे विचारले, की बहुतेक विद्यार्थी मोठमोठ्या लाटा काढून दाखवितात. स्लोन विद्यालयात नव्या विद्यार्थ्यांना प्रारंभीच हा खेळ खेळावयास लावण्याची प्रथा आहे. इतरांना दोष देण्याची सवय मोडण्यास ती बरी दिसते.

अर्थात अभ्यासक्रम एवढ्यावर संपत नाही. त्यातील दुसरे मोठे दालन रांगांच्या गणिताचे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी ए. के. एरलांग यांनी 1909 साली त्याचा पाया घातला. खिडकीवरील कारकुनाचा एकही क्षण फुकट जाऊ नये असे वरिष्ठांना वाटते. गणित काय सांगते ते पाहावे. माणसे अवचित येत असतील आणि प्रत्येकाच्या कामाला कमीअधिक वेळ लागत असेल, तर कारकून निम्मा वेळ गुंतलेला असता रांगेतील सरासरी खोळंबा एका कामाच्या वेळेइतका असतो. तो शेकडा 80 वेळ गुंतला की खोळंबा चौपट होतो, 90 वर नऊपट आणि 95 वर एकोणीसपट. पाच मिनिटांच्या कामासाठी दीड तास उभे राहावे लागते, त्यात कारकुनाची आळशी वृत्ती कारण असेलच असे नाही. रुग्णालयातील खाटांनाही हेच लागू पडते, आणि तेथे खोळंब्याची किंमत मिनिटांत मोजीत नाहीत.

गणिताची भीती असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, हे सांगितलेले बरे. संभाव्यताशास्त्र, संख्याशास्त्र आणि बैजिक समीकरणे यांवाचून येथे पाऊल पुढे पडत नाही. तथापि केवळ गणितही पुरत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेत 1988 साली सुरू झालेल्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थी दोन वर्षांत व्यवस्थापनाची आणि अभियांत्रिकीची अशा दोन पदव्या घेतो, आणि त्यांतील सहा महिने त्याला एखाद्या उद्योगात राहून तेथील खऱ्या प्रश्नावर काम करावे लागते. प्रबंध त्या प्रश्नावरच लिहावयाचा असतो. कागदावर सुटलेले कोडे गोदामातल्या मुकादमाला पटवून देताना विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते.

आपल्या देशाशी या विद्यालयाचा संबंध जुना आहे. 1961 साली कलकत्त्यास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्थापन झाली ती त्याच्या सहकार्याने. अहमदाबादच्या संस्थेने त्याच वर्षी हार्वर्डचे साह्य घेतले. मुंबईत पवई येथे 1963 मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या मदतीने औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. 'निटी' या नावाने ती कारखानदारांत सुपरिचित होती, आणि 2023 साली तिचे रूपांतर मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये झाले. इंदुरास अशी संस्था 1996 पासून आहे. या संस्थांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बसता येते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मात्र आधीचे एक वर्ष गणिताच्या उजळणीस द्यावे, म्हणजे पहिल्या सत्रातच दमछाक होणार नाही.