खिडकी, खांब आणि राजाबाई टॉवर

राजाबाई टॉवर आला की दुमजली बसच्या वरच्या मजल्यावरची माणसं वाकतात. मान वर केली तर टप आड येतो, म्हणून गाल काचेला लावून खालून वर बघायचं. खिडकीजवळच्याला हे जमतं. त्याच्या पलीकडे बसलेल्याच्या वाट्याला नुसत्या कमानी येतात.

दोष मापांचा आहे. टॉवर ८५ मीटर उंच. बस त्याच्यापासून ६० मीटरवर आणि प्रवाशाचे डोळे रस्त्यापासून साडेतीन मीटरवर धरा. काचेपासून ४० सेंटिमीटरवर बसलेल्याला कळस दिसायचा, तर काच त्याच्या डोळ्यांच्या वर अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जायला हवी. ९० सेंटिमीटर आत बसलेल्यासाठी सव्वा मीटर. तिथे छप्पर कधीच सुरू झालेलं असतं. खिडकी रुंद करून म्हणूनच भागत नाही, काच वळवून टपात न्यावी लागते.

पर्यटकांसाठीच्या जुन्या दुमजली ‘नीलांबरी’ बसला टपच नव्हता. पण टप म्हणजे नुसता पत्रा नव्हे, दोन्ही बाजूंचे खांब तोच वरून बांधून धरतो. तो काढला की खड्ड्यात सांगाडा पिळवटतो, मग तळाच्या तुळया आणि खांबांची मुळं भक्कम करावी लागतात. बेस्टच्या त्या जुन्या उघड्या बस ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. आताच्या विजेवरच्या दुमजली बस वातानुकूलित, म्हणजे बंद.

बंद बसची खरी परीक्षा संध्याकाळी होते. बाहेर इमारतींवर रोषणाई आणि काचेत मात्र आपलाच चेहरा! आतले दिवे मंद करून गुडघ्याखाली न्यावेत, छत आणि सीटच्या पाठी काळपट, बिनचकाकीच्या ठेवाव्यात. दुपारी उन्हासाठी काच गडद करावीशी वाटते, पण बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आत यावा असा नियम आहे, आणि पर्यटकांच्या बससाठी तो मला अगदी योग्य वाटतो.

सगळ्यात जास्त राग मला खांबांचा येतो. सीटा माणसं मोजून बसवतात, खांब सांगाड्याच्या सोयीने येतात, आणि कुणाच्या तरी नाकासमोर दोन तास लोखंड उभं राहतं. घाटातून जाणाऱ्या रेल्वेच्या व्हिस्टाडोम डब्यात ४४च खुर्च्या आहेत, त्याही गोल फिरणाऱ्या. बसमध्येही चार सीटा कमी कराव्यात, तिकीट थोडं वाढलं तरी चालेल. सांगाडा जोडण्याआधी कारखान्यात प्लायवूडचा एक कप्पा उभा करावा. त्यात बुटकी आजी, उंच माणूस आणि शाळकरी मूल बसवून बघावं, आणि खांबांच्या जागा त्यानंतर खडूने आखाव्यात.