दिव्यांगांसाठी सेवा संस्था : नोंदणी कशासाठी व कशी?

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मराठी शाळा उभ्या राहिल्या त्या बहुतेक गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि कष्टांवर. कोणी जागा दिली, कोणी चिरे दिले, कोणी विनामोबदला शिकवले. आज त्याच जिद्दीने काही पालक आणखी एका कामाचा विचार करीत आहेत. ज्या मुलांना बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी आहे, त्यांच्यासाठी गावाजवळ दिवसभराचे एखादे केंद्र असावे, असे त्यांना वाटते. मूल शाळेत आहे तोवर दिवस कसाबसा निभावतो. वयाची अठरा वर्षे झाली, शाळा सुटली, की तोच मुलगा किंवा मुलगी घराच्या ओसरीवर बसून राहते. आईला नोकरी सोडावी लागते, आणि आईवडील थकल्यावर काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

असे केंद्र काढायचे तर चार चांगल्या माणसांनी एकत्र येऊन खोली भाड्याने घेतली म्हणजे झाले, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. त्यासाठी कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. ही नोंदणी काय आहे, ती का हवी आणि कोणत्या क्रमाने करावी, याची माहिती पालक आणि विश्वस्त मंडळींना व्हावी म्हणून हा लेख.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वाचा समावेश होता. त्याच्या जागी 'दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६' आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार धरलेले आहेत. पूर्वी सर्रास वापरले जाणारे 'मतिमंद' सारखे शब्द आता कायद्यात राहिलेले नाहीत, आणि आपल्याही बोलण्यात ते राहू नयेत.

या कायद्याच्या नवव्या प्रकरणात, म्हणजे कलम ४९ ते ५५ मध्ये, संस्थांच्या नोंदणीचा विषय आहे. दिव्यांग व्यक्तींना ठेवून घेणे, त्यांची काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन यांपैकी काहीही करणारी ती 'संस्था'. अशी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय सुरू करता येत नाही आणि चालवताही येत नाही. केंद्र किंवा राज्य सरकारने स्वतः चालवलेल्या संस्थांना हे प्रकरण लागू नाही. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी मानसिक आरोग्याचा वेगळा कायदा आहे. कायद्याचा भंग झाल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा झाल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या शाळेसारख्या नेहमीच्या शाळेने दिव्यांग मुलाला प्रवेश दिला म्हणून तिला ही वेगळी नोंदणी करावी लागत नाही. उलट, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश देऊन इतरांबरोबर शिकवावे, हे याच कायद्याचे कलम १६ सांगते. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड पालकांची व मुलाची आहे, शाळेची नव्हे.

एवढी कटकट कशाला?

चांगल्या कामाला परवानगी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तामिळनाडूतील एरवाडी येथे मिळते. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तेथील एका खासगी आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली. आतील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. पळता न आल्यामुळे २८ जण दगावले. अशी ठिकाणे कोण चालवतो, तेथे किती माणसे आहेत, आग लागली तर बाहेर कसे काढणार, हे कोणी विचारले नव्हते.

ज्याला स्वतःचे दुःख शब्दांत सांगता येत नाही, त्याला आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. अशा वेळी कोणीतरी तिसऱ्याने येऊन जागा पाहणे, माणसे पाहणे गरजेचे असते. नोंदणी म्हणजे ती तिसरी नजर. सेवा देणाऱ्याची नोंदणी अन्य देशांतही असते. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना आहे आणि सेवेच्या दर्जावर देखरेखीसाठी २०१८ पासून स्वतंत्र आयोग काम करतो. तेथे मंजूर रक्कम दिव्यांग व्यक्तीच्या नावे असते, आणि नोंदणी केलेल्या सेवा देणाऱ्यांची बाहेरच्या तपासनिसाकडून पाहणी होते. आपल्याकडे मदत मुख्यतः संस्थेला अनुदानाच्या रूपाने येते. म्हणून आपल्याकडे पालकांनी स्वतःही डोळे उघडे ठेवणे अधिक जरुरीचे आहे.

पहिली पायरी : संस्थेचे अस्तित्व

कायद्याच्या दृष्टीने आधी संस्था जन्माला यावी लागते. त्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. एक, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी घटना व नियमावली करून संस्था नोंदवणे. दुसरा, विश्वस्त करारनामा करून तो उपनिबंधकाकडे नोंदवणे. सावंतवाडी किंवा दोडामार्गचे आपले नातेवाईक 'धर्मादाय आयुक्तांकडे जा' असे सांगतील. ती व्यवस्था महाराष्ट्राची. गोव्यात तसा आयुक्त नाही. आपल्या देवस्थानांची महाजनकी तर आणखी वेगळ्या कायद्याखाली चालते, तिचा येथे उपयोग नाही.

शाळा चालवणारी आपली जुनी संस्थाच हे काम हाती घेऊ शकेल का? घेऊ शकेल, पण तिच्या घटनेतील उद्दिष्टांत दिव्यांगांची सेवा बसते की नाही हे आधी पाहावे. बसत नसल्यास उद्दिष्टे बदलावी लागतील. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ नुसार त्याचा लेखी प्रस्ताव सदस्यांना दहा दिवस आधी द्यावा लागतो. मग खास सभेत तीन-पंचमांश मतांनी तो मंजूर व्हावा लागतो, आणि एक महिन्यानंतरच्या दुसऱ्या खास सभेत पुन्हा तीन-पंचमांश मतांनी कायम व्हावा लागतो. म्हणजे यालाच दीड-दोन महिने लागतात.

दुसरी पायरी : जागा आणि माणसे

राज्याने ठरवलेल्या सोयी व दर्जा संस्थेत असल्याशिवाय प्रमाणपत्र देता येत नाही, असे कलम ५१ सांगते. म्हणून अर्जाआधी जागा तयार हवी. खुर्चीवरून जाता येईल असा दरवाजा, धरायला कठडा असलेले शौचालय, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट आणि उताराचा रस्ता म्हणजे रॅम्प, या मूळ गोष्टी.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक छोटे गणित आहे. रॅम्पचा उतार एकास बारा असावा असा सर्वमान्य दंडक आहे. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या दोन पायऱ्या चढायच्या असतील, तर उंची तीस सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी तीनशे साठ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. आपल्या ओळखीच्या इमारतींचे रॅम्प मोजून पाहा. कितीतरी ठिकाणी तो घसरगुंडीसारखा उभा आढळेल.

माणसांच्या बाबतीत १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा लागू होतो. विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ अशा व्यावसायिकांचे नाव परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावे लागते. 'मला अनुभव आहे' एवढ्याने भागत नाही. पालकांनीही शिक्षकाचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये.

तिसरी पायरी : अर्ज

राज्य सरकारने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे ठरलेल्या नमुन्यात अर्ज करावा. संस्थेची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी, जागेची मालकी किंवा भाडेकरार, हिशेब, कर्मचाऱ्यांची पात्रता असे कागद आधीच एका फाइलीत लावून ठेवावेत. त्यानंतर चौकशी होते. अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रमाणपत्र द्यावे, असे कायदा सांगतो. ते नाकारायचे असेल तर आधी अर्जदाराचे म्हणणे ऐकावे लागते आणि नकार लेखी कळवावा लागतो. त्या नकाराविरुद्ध अपील करता येते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ते दर्शनी जागी लावावे लागते. मुदत संपण्यापूर्वी किमान ६० दिवस नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. अर्जात खोटी माहिती दिल्यास किंवा नियम मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. तसे झाल्यास तेथील व्यक्तींना पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवण्याचा आदेश निघू शकतो.

अन्य नोंदण्या

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या कायद्याने 'राष्ट्रीय न्यास' स्थापन झाला आहे. पालकांच्या संघटना त्याच्याकडे वेगळी नोंदणी करू शकतात. न्यासाच्या योजनांचा लाभ त्यामुळे घेता येतो. याच कायद्याने जिल्हाधिकारी पातळीवरील अधिकाऱ्याची स्थानिक समिती असते. अठरा वर्षांवरील मुलासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज तिच्याकडे करावा. मूल सज्ञान झाल्यावर या गटांतील मुलांच्या आईवडिलांनी याचा विचार जरूर करावा.

केंद्राच्या अनुदानासाठी दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे. नीती आयोगाच्या 'दर्पण' वर संस्थेचा क्रमांकही घ्यावा लागतो. मात्र कलम ५५ प्रमाणे सरकार आपल्या आर्थिक कुवतीनुसार मदत देते. अनुदान मिळेलच असे धरून शिक्षक नेमू नयेत. पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च वर्गणीतून भागेल की नाही, याचा हिशेब आधी मांडावा.

देणग्यांबाबत गोव्यातील संस्थांनी खास जपावे. दुबईत नोकरी करणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. पण ज्याने पोर्तुगीज किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी विदेशी ठरते, मग तो आपल्याच वाड्यावरचा का असेना. अशी देणगी २०१० च्या विदेशी देणगी कायद्याखालील परवानगीशिवाय स्वीकारता येत नाही.

सुरुवात कोठून?

नवीन संस्था काढण्याआधी जुन्यांकडे जाऊन यावे. डिचोलीत केशव सेवा साधन, फोंड्यात लोकविश्वास प्रतिष्ठान, पर्वरीत संजय केंद्र यांनी हे काम चालवून दाखवले आहे. त्यांची एखादी शाखा आपल्या भागात आणता आली, किंवा कदंबच्या वेळेशी जुळणारी वाहनाची सोय झाली, तर नवीन नोंदणीचा खटाटोप वाचेलही.

तोवर एक काम प्रत्येक गावाने करावे. आपल्या वाड्यावर अशी किती मुले-मुली आहेत, त्यांची वये काय, अपंगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र आहे का, घरून केंद्रापर्यंत कोण पोचवणार, याची यादी करावी. मुलांची नावे चव्हाट्यावर येणार नाहीत याची काळजी घ्यावी. केंद्र किती मोठे हवे, शिक्षक किती लागतील, ते पेडण्यात हवे की डिचोलीत, हे त्या यादीवरून ठरेल. अर्ज भरणे हे त्यानंतरचे काम. विश्वस्त मंडळाने येत्या पालकसभेत हा विषय घ्यावा, अशी नम्र विनंती आहे.