दोन कायदे

रत्नागिरीच्या खाडीकाठच्या एखाद्या मोहल्ल्यात सहा वर्षांचं मूल मकतबात, म्हणजे कुरआन वाचायला शिकवणाऱ्या वर्गात, बसू लागतं, तेव्हा त्याच्या हाती पहिलं येतं ते एक पातळसं पुस्तक. त्याला म्हणतात ‘कायदा’. आपण कोर्टाशी जोडतो तो शब्दही हाच. दोन्हींचं मूळ एकाच अरबी शब्दात आहे आणि त्याचा अर्थ पाया किंवा नियम. लहान मुलांना धर्म कसा शिकवतात हे नीट समजून घ्यायचं, तर हे दोन्ही कायदे उघडून पाहावे लागतात.

आधी मकतबातला. पहिल्या पानावर सुटी अरबी अक्षरं. त्यातली बे, ते आणि से यांची आकृती एकच असते, फरक फक्त नुक्त्यांचा: एक खाली, दोन वर, तीन वर. मुलाची नजर इथे पहिल्यांदा कसाला लागते. मग तीच अक्षरं जोडली की रूपं कशी बदलतात ते. मग जबर, जेर, पेश, म्हणजे स्वरांच्या खुणा. एकेक अक्षर त्याच्या खुणेसकट उच्चारायचं आणि शेवटी जोडून शब्द म्हणायचा, या पद्धतीला हिज्जे म्हणतात. घरी कोकणी बोली, शाळेत उर्दू किंवा मराठी आणि इथे अरबी. ‘ह’सारखे वाटणारे दोन वेगळे आवाज घशाच्या कुठल्या जागेतून काढायचे हे उस्ताद पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात. कायदा संपला की कुरआनातला तिसावा पारा, म्हणजे भाग. कुरआनात 114 सूरा, म्हणजे अध्याय, आहेत, आणि शेवटच्या या पाऱ्यात त्यांतल्या 37 मावतात, कारण त्या बहुतेक छोट्या आहेत. म्हणून मूल ग्रंथाच्या शेवटाकडून आत शिरतं. नमाजात म्हणायलाही याच सूरा लागतात.

आता शेजारच्या वाडीत संध्याकाळी जाऊ. तुळशीपुढे दिवा लागला की मुलांनी हात जोडायचे, शुभंकरोती म्हणायची आणि मग परवचा: पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रं, शेवटी रामरक्षा. देवाचं आणि गणिताचं एकाच बैठकीत, एकाच चालीत. जुन्या पिढीला यात काही वेगळं वाटत नव्हतं, आणि मला ती सोय फार शहाणपणाची वाटते. रामदासांचे मनाचे श्लोक 205 आहेत, तरी पाठांतर स्पर्धेत आठ-नऊ वर्षांची मुलं त्यांतले कितीतरी न अडखळता म्हणतात. याचं श्रेय भुजंगप्रयात या वृत्ताला. ओळीत बारा अक्षरं, एक लघु आणि दोन गुरू असा चारदा येणारा ठेका. शब्द विसरला तरी पाय ताल धरतो आणि ताल शब्दाला ओढून आणतो.

बौद्धवाडीतल्या विहारात हीच युक्ती वेगळ्या रूपात दिसते. त्रिशरणाच्या तीन ओळी तीनदा म्हणायच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीला फक्त ‘दुसऱ्यांदा’, ‘तिसऱ्यांदा’ या अर्थाचा पाली शब्द पुढे लागतो. पंचशीलाच्या पाचही ओळी एकाच शब्दांनी संपतात, त्यामुळे मुलाने नवं शिकायचं ते फक्त ओळीचं पहिलं टोक. पुढे पावसाळ्यातल्या वर्षावासात मोठ्यांमध्ये बसून बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ कानावर पडतो.

मनाचे श्लोक मराठी असले, तरी तिन्ही ठिकाणी पाठांतराचा मोठा भाग मुलाच्या भाषेत नाही: अरबी, संस्कृत, पाली. अर्थ न कळता पाठ करणं म्हणजे घोकंपट्टी, असा आक्षेप येतो. मला तो अर्धाच पटतो. या वयात कान आणि जीभ जे धरून ठेवतात ते पुढे सुटत नाही, म्हणून आधी पाठांतर हा क्रम बरोबर आहे. चूक होते ती नंतर अर्थ सांगायला कुणी परत न येण्याची. पंचशील पाठ असलेल्या मुलाला दहाव्या वर्षी कुणीतरी विचारायला हवं, की न दिलेलं घ्यायचं नाही म्हणजे मित्राची पेन्सिल कुठल्या बाजूला येते?

अर्थ कसा पोचवावा याचा नमुना दापोली तालुक्यातल्या पालगडच्या माणसाने घालून दिला आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तिच्यात 42 रात्री आहेत. आंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी आई धोंड्यावर लुगड्याचा ओचा पसरते; मग सांगते की पायांना जपतोस तसं मनालाही जप. शिकवण शेवटी, एका वाक्यात. तिच्याआधी भिजलेला ओचा.

उरला दुसरा कायदा. संविधानाचं कलम 28 सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. जिल्हा परिषदेची शाळा यात येते. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते दिलं जात असेल, तर अज्ञान मुलाला पालकांच्या संमतीशिवाय त्यात बसवता येत नाही. याचा अर्थ शाळेने धर्माचं नावच काढू नये असा मात्र नाही. अरुणा रॉय खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला: उपासना शिकवणं वेगळं आणि निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणं वेगळं.

म्हणजे सूरा, श्लोक आणि शील यांची जागा मकतब, घर आणि विहार. शाळेला करता येतं ते या तिघांपैकी कुणालाच एकट्याने जमत नाही, कारण तिन्हीकडची मुलं एकत्र बसतात ती तिथेच. चौथीच्या वर्गात बाईंनी एवढंच विचारावं, ‘काल संध्याकाळी काय म्हटलंस?’ परवचावालीने कायदावाल्याला पाढे ऐकवावेत, त्याने तिला फळ्यावर बे, ते, से काढून दाखवावेत, आणि नुक्ते मोजायला विहारातल्या मुलीला पुढे बोलवावं.