कक्षेतून टिपलेल्या विजा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत या कमी पावसाच्या तालुक्यांत विजांचा जोर असतो तो एप्रिल-मेच्या वळवात आणि हस्त नक्षत्राच्या सुमारास परतणाऱ्या पावसात. जमिनीवरून वीज फांद्या फुटलेल्या रेघेसारखी दिसते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकातून मात्र ती रेघ बहुधा ढगाआड राहते आणि तिचा प्रकाश जलबिंदू व हिमकणांवर विखुरल्याने ढगाचा माथाच दुधी काचेच्या दिव्यासारखा आतून उजळतो. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जात असल्यामुळे कोयनेपासून जतपर्यंतचा मुलूख सुमारे वीस सेकंदांत मागे पडतो, आणि कॅमेऱ्याचे झाकण जास्त वेळ उघडे राहिल्यास गावांच्या दिव्यांच्या रेघा उमटतात.

दिवसा ढगांवरील लख्ख उन्हात विजेची चमक हरवते. त्यावर उपाय म्हणून अमेरिका व जपान यांच्या, नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेल्या ‘टीआरएमएम’ उपग्रहावरील वीजटिपणी यंत्रात विजेने तापलेल्या ऑक्सिजनचा ७७७.४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाशच आत येऊ देणारी गाळणी होती. यंत्र सेकंदाला सुमारे ५०० चित्रे घेई आणि लागोपाठच्या चित्रांतील स्थिर उजेड वजा करून उरलेली चमक नोंदवी. एका जागेवर त्याची नजर जेमतेम दीड मिनिट टिकत असल्यामुळे विश्वासार्ह नकाशासाठी २०१५ पर्यंतच्या नोंदी साठवाव्या लागल्या.

अशा नकाशांचे खरे मोल हे की, पाऊस आणि विजा यांची भौगोलिक फारकत त्यांतून स्पष्ट होते. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात ऐन पावसाळ्यात विजा तुरळक असतात, कारण घाटमाथ्यावरचे मोसमी ढग फारसे उंच न वाढता पुष्कळसा पाऊस थेंबाथेंबांच्या मिलनातूनच पाडतात. वीज घडण्यासाठी ढग गोठणबिंदूच्या बराच वर चढावा लागतो. तेथे गारेचे मऊ कण आणि हलके हिमस्फटिक एकमेकांवर आदळून विरुद्ध विद्युतभार घेतात, आणि वर नेणारा वारा ते भार वेगळे करतो. असा जोरदार वारा तापलेल्या माणदेशी माळावर सहज उठतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची महाबळेश्वर येथील प्रयोगशाळा २०१२ पासून घाटमाथ्यावरच्या ढगांचा अभ्यास करीत आहे.

कक्षेतून क्षणभर पाहणारे यंत्र इशारा देऊ शकत नाही. ते काम याच संस्थेच्या जमिनीवरील संवेदकांचे जाळे करते, आणि त्याआधारे ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना देते. आटपाडीच्या उघड्या माळावर मेंढरे राखणाऱ्यांपर्यंत ती वेळेत पोहोचणे सर्वांत निकडीचे आहे.