शिरेवाटे पोषण : अखंड की रात्रीपुरते?

चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. त्यांत राशी, म्हणजे मात्रा, आणि काल यांना स्वतंत्र स्थान आहे. अन्न मुखावाटे न जाता थेट शिरेत जाते तेव्हाही काल गौण ठरत नाही.

लघ्वंत्राचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णास तोंडाने घेतलेले अन्न पुरेसे शोषता येत नाही. अशा रुग्णांना मोठ्या शिरेतील नलिकेवाटे ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्धांश, क्षार व जीवनसत्त्वे देतात. अमेरिकेतील डॉ. स्टॅन्ली ड्युड्रिक व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धती यशस्वी करून दाखविली.

आरंभी द्रावण चोवीस तास अखंड देतात. अत्यवस्थ रुग्णास ते अधिक सोसते. मंद गतीमुळे रक्तशर्करा व हृदय यांवर एकदम भार येत नाही. परंतु अखंड ग्लुकोजामुळे इन्सुलिन सतत चढे राहते, साठलेला मेद वापरला जात नाही आणि यकृतात मेदसंचय होऊ शकतो. म्हणून प्रकृती स्थिरावल्यावर तेच द्रावण बहुधा रात्रीच्या १० ते १४ तासांत देतात. दिवसाच्या विरामात यकृतास विसावा मिळतो आणि रुग्ण नोकरी वा शाळा करू शकतो. मात्र गती वाढल्याने शर्करा चढू शकते व रात्री लघवीस वारंवार उठावे लागते. प्रमेह, हृदयविकार वा वृक्कविकार असल्यास विशेष दक्षता लागते. द्रावण एकाएकी थांबविल्यास शर्करा घसरू शकते. म्हणून शेवटचा तास-दोन तास गती उतरवीत नेतात.

असा रुग्ण आपल्या चिकित्सालयात वा औषधालयात आल्यास तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. थंडी वाजून ताप आल्यास, विशेषतः द्रावण सुरू होताच, नलिकेतील जंतुसंसर्गाची शंका घेऊन रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे; काढ्यात वेळ दवडू नये. आतडे अपुरे व यकृत नाजूक असल्याने कोणतीही वटी, आसव वा भस्म उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना कळविल्याविना देऊ नये. वेळापत्रकातील बदलही त्यांनीच ठरवावा.

दिवसा नळी बंद दिसली की घरची मंडळी रुग्ण उपाशी राहिला म्हणून व्याकूळ होतात. हा विराम उपासमार नसून चिकित्सेचेच अंग आहे, हे त्यांना समजावून सांगणे आपल्याला सहज शक्य आहे.