बाहेरच्या भिंतीला कोणतं वॉटरप्रूफिंग? सोसायटीने आधी हे समजून घ्यावं

मुंबईत एकट्या जुलैमध्ये सरासरी ८०० मिमीहून अधिक पाऊस पडतो. नैऋत्य वाऱ्यामुळे पश्चिम-दक्षिणेकडच्या भिंतींना जास्त मार बसतो.

भेगा असतील तर: मोठ्या भेगा आधी पॉलिमर मॉर्टरने भराव्यात. केसाएवढ्या भेगांवर ताणलं जाणारं इलॅस्टोमेरिक कोटिंग चालतं.

उघडी वीट असेल तर: सिलेन-सिलॉक्सेन पाणी झटकतं, वाफ अडवत नाही. पण ते भेगा बुजवत नाही.

ओल आतून असेल तर: आधी गळका पाइप दुरुस्त करा, भिंत सुकू द्या. ओल्या भिंतीवरचं कोटिंग फुगून सुटतं.

टाळल्यास काय? ओल सळईपर्यंत पोहोचते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फुटून खाली पडतं. म्हणून कोटेशनमध्ये दराआधी विचारा: यातून वाफ बाहेर जाते का?